एका यहुदी घराण्याची लेक : संत एडिथ स्टाइन

९ ऑगस्ट ही तारीख भारतीय माणसाला मुद्दाम सांगावी लागत नाही. १९४२ साली त्या दिवशी पहाटे मुंबईत महात्मा गांधी व इतर राष्ट्रीय नेते पकडले गेले आणि चले जाव आंदोलनाचा वणवा देशभर पसरला. त्याच दिवशी, येथून हजारो मैल दूर, जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधील ऑशविट्झ छळछावणीत हॉलंडहून निघालेल्या एका आगगाडीतील माणसे विषारी वायूने मारली गेली. त्यांत पन्नास वर्षे वयाची एक कार्मेलाइट धर्मभगिनी होती आणि तिच्यासोबत तिची वडील बहीण होती. दोघीही बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती होत्या. परंतु ज्यांनी त्यांना मारले त्यांच्या लेखी त्या केवळ यहुदी होत्या. त्या धर्मभगिनीला आज जगभरची ख्रिस्तसभा संत म्हणून ओळखते. तिचे नाव एडिथ स्टाइन.

संतांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्या एका व्यक्तीवर खिळून राहते व तिच्या मागे उभे असलेले घर नजरेआड होते. एडिथच्या बाबतीत तसे होऊ देणे योग्य नव्हे. कारण तिने स्वतःच आपले घर जगापुढे मांडण्यासाठी लेखणी हाती घेतली होती, आणि त्या घरातील सारी माणसे काही वाचली नाहीत.

घर आणि वखार

ब्रेस्लाव हे त्या काळी जर्मनीतील एक मोठे शहर होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. तेथे १२ ऑक्टोबर १८९१ रोजी एडिथचा जन्म झाला. तो यहुदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस होता, म्हणजे लेवीयच्या पुस्तकात सांगितलेला वर्षातील परमपवित्र दिवस. सर्वांत धाकट्या लेकीचा जन्म अशा दिवशी व्हावा, याचे आईला फार अप्रूप वाटे आणि त्यामुळेच ही मुलगी तिच्या विशेष जिव्हाळ्याची झाली. या माउलीने अकरा मुलांना जन्म दिला होता. त्यांतील सात जगली. पॉल, एल्झा, अर्नो, फ्रीडा, रोझा, एर्ना आणि एडिथ अशी ही सात भावंडे.

वडील सिगफ्रिड स्टाइन यांचा लाकडाचा व्यापार होता. १८९३ च्या जुलै महिन्यात व्यापाराच्या कामासाठी गेले असता रानातील वाटेवर उष्माघाताने ते कोसळले व मरण पावले. एडिथ तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. घरात कर्ज, पदरात सात मुले आणि बाजारात मंदी, अशी स्थिती होती. वखार विकून टाकावी, असा सल्ला नातलगांनी दिला. ऑगुस्टा स्टाइन या बाईने तो मानला नाही. ती स्वतः वखारीवर उभी राहिली, लाकडाची पारख शिकली, हिशेब शिकली, आणि काही वर्षांत तिने कर्ज फेडून धंदा नावारूपास आणला. पहाटे उठून वखारीत जाणारी, गोरगरीब गिऱ्हाइकाला सांभाळून घेणारी आणि आपल्या यशाचे सारे श्रेय देवाला देणारी ही बाई एडिथच्या मनावर कायमची कोरली गेली.

ऑगुस्टाबाईंचा धर्म दिखाऊ नव्हता. शब्बाथाचा विसावा, उपवास, सभास्थानातील उपासना, वल्हांडणाचे जेवण हे सारे त्या मनापासून पाळीत. मुलांची पिढी मात्र नव्या विचारांची होती. आईच्या आदराखातर ती सणावाराला बसत, पण श्रद्धेची ऊब त्यांच्यात उरली नव्हती. एडिथनेही वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास प्रार्थना करणे जाणूनबुजून सोडून दिले. देव आहे असे वाटत नसताना प्रार्थनेचे शब्द उच्चारणे तिच्या सरळ स्वभावाला पटले नाही.

सत्याचा शोध

एडिथ विलक्षण बुद्धिमान होती. प्रशियात स्त्रियांना विद्यापीठाची दारे १९०८ साली पूर्णपणे उघडली होती. त्या पहिल्यावहिल्या पिढीतील ही मुलगी १९११ साली ब्रेस्लाव विद्यापीठात दाखल झाली. दोन वर्षांनी ती गॉटिंगेनला गेली. तेथे एडमंड हुसर्ल हे तत्त्वज्ञ फेनॉमेनॉलॉजी या नावाने गाजलेली नवी विचारपद्धती शिकवीत होते. वस्तू जशी अनुभवाला येते तशी, पूर्वग्रह बाजूला ठेवून, तिच्याकडे पाहावे असा त्या पद्धतीचा आग्रह होता. डोळ्यांवरची झापडे दूर करणारे हे शिक्षण पुढे तिला श्रद्धेच्या उंबरठ्यापर्यंत घेऊन आले.

पहिले महायुद्ध पेटल्यावर १९१५ साली तिने काही महिने मोराव्हियातील एका लष्करी रुग्णालयात साथीच्या रोगांनी आजारी पडलेल्या सैनिकांची शुश्रूषा केली. १९१६ साली फ्रायबुर्ग विद्यापीठात तिने सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट संपादन केली. तिच्या प्रबंधाचा विषय होता समानुभूती, म्हणजे एका मनुष्याला दुसऱ्याचे सुखदुःख कसे कळते हा प्रश्न. ज्या मुलीने तारुण्यात हा प्रश्न सोडवायला घेतला, तिलाच पुढे अशा लोकांच्या हाती मरण आले की ज्यांनी दुसऱ्याचे दुःख कळून घेण्याचे दारच बंद करून टाकले होते.

पुढे दोन वर्षे ती हुसर्ल यांची साहाय्यक होती. परंतु प्राध्यापकपदासाठी आवश्यक असलेली पात्रता मिळविण्याचा तिचा प्रयत्न ती स्त्री असल्यामुळे फेटाळला गेला. तिने शासनाकडे दाद मागितली आणि १९२० साली प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी स्त्रीत्व हा या मार्गातील अडसर मानू नये असा निर्णय दिला. तिला स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. मागून येणाऱ्या स्त्रियांना मात्र झाला.

याच काळात तिच्या अंतःकरणात निराळी हालचाल सुरू झाली होती. तिचे गुरुबंधू व मार्गदर्शक अडोल्फ राइनाख १९१७ साली फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडले. राइनाख पतिपत्नींनी त्याआधी वर्षभरापूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता. राइनाख यांचे कागद नीट लावून देण्यासाठी एडिथ त्यांच्या घरी गेली, तेव्हा शोकाने मोडून पडलेली विधवा आपल्याला भेटेल अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात भेटली ती क्रुसाच्या आधाराने शांतपणे उभी असलेली स्त्री. क्रुसाचे सामर्थ्य एडिथने त्या घरात प्रथम पाहिले.

१९२१ च्या उन्हाळ्यात बर्गझाबर्न येथे ती आपली मैत्रीण हेडविग कोनराड-मार्टियस हिच्याकडे राहिली होती. तेथे आविलाच्या संत तेरेझाचे आत्मचरित्र तिच्या हाती आले. ते वाचून होताच तिचा निश्चय झाला. १ जानेवारी १९२२ रोजी बर्गझाबर्नच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. हेडविग स्वतः प्रॉटेस्टंट असूनही बिशपांच्या अनुमतीने तीच एडिथची धर्ममाता झाली.

आईचे अश्रू

आता घरी सांगणे आले. पत्राने कळविणे एडिथला प्रशस्त वाटले नाही. ती ब्रेस्लावला गेली आणि आईपुढे गुडघे टेकून तिने आपण कॅथोलिक झाल्याचे सांगितले. कर्ज, वैधव्य, मुलांचे मृत्यू यांपुढे न वाकलेली ती आई रडली. एडिथने आईला असे रडताना कधी पाहिले नव्हते.

या प्रसंगाचे मर्म मराठी ख्रिस्ती वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, हे आपण जाणतो. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत पहिल्या पिढीने असेच काही सोसलेले आहे. एका बाजूला ख्रिस्ताची हाक आणि दुसऱ्या बाजूला जन्मदात्या आईचे हुंदके, यांच्यामध्ये उभे राहणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

एडिथने यांतून एक वाट काढली. ब्रेस्लावला असताना ती आईचा हात धरून सभास्थानात जाऊ लागली आणि तेथील स्तोत्रे आपल्या प्रार्थनापुस्तकातून आईबरोबर म्हणू लागली. ज्या स्तोत्रांनी आईचे हृदय भरून येई, तीच स्तोत्रे ख्रिस्तसभाही नित्य गाते, हे तिने ओळखले होते. किशोरवयात देवाला विसरलेली ही मुलगी ख्रिस्ताकडे आली आणि त्याच वाटेने पुन्हा आपल्या पूर्वजांच्या देवाकडेही आली. प्रभू येशू, त्याची माता मरिया व प्रेषित हे सर्व रक्ताने आपल्याच लोकांतले आहेत, याचा तिला पुढे आयुष्यभर आनंद वाटत राहिला.

कार्मेल मठात जाण्याची तिची इच्छा होती. पण आईला लागोपाठ दुसरा घाव देऊ नये, असा सल्ला तिला मिळाला. १९२३ ते १९३१ या काळात तिने स्पायर येथील डॉमिनिकन धर्मभगिनींच्या शाळेत मुलींना शिकविले. संत थॉमस अक्विनास यांच्या सत्याविषयीच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. स्त्रीशिक्षणावर ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १९३२ साली म्युन्स्टर येथील शिक्षणशास्त्राच्या संस्थेत ती अध्यापिका झाली.

१९३३ : एक पत्र आणि एक पुस्तक

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिल रोजी यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला आणि लवकरच यहुदी वंशाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून दूर करणारा कायदा झाला. एडिथचेही अध्यापन थांबले. बाप्तिस्म्याने वंश बदलत नाही, हे नाझींचे तत्त्व होते.

त्या एप्रिल महिन्यात तिने पोप अकरावे पायस यांना एक पत्र लिहिले. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या शासनाकडून यहुद्यांवर होणारा अन्याय तिने त्यात स्पष्ट शब्दांत मांडला. केवळ यहुदीच नव्हे, तर जर्मनीतील श्रद्धावंत कॅथोलिकही ख्रिस्तसभेने आवाज उठविण्याची वाट पाहत आहेत, आणि गप्प राहून ख्रिस्तसभेला शांती विकत घेता येणार नाही, असा तिचा इशारा होता. ते मोहोरबंद पत्र बॉयरॉनच्या मठाधिपतींच्या द्वारे रोमला पोहोचले. तिला उत्तरादाखल स्वतःसाठी व आप्तांसाठी आशीर्वाद मिळाला. नाझींच्या वंशवादाचा निषेध करणारे जर्मन भाषेतील परिपत्रक पोपमहोदयांनी चार वर्षांनी, १९३७ साली काढले. पण त्यात यहुद्यांच्या छळाचा थेट उल्लेख नव्हता. एडिथचे पत्र सत्तर वर्षे व्हॅटिकनच्या दप्तरात होते. २००३ साली ते प्रकाशात आले, तेव्हा या बाईने किती आधी आणि किती अचूक पाहिले होते, हे जगाला कळले.

मठात जाण्याचा मार्ग आता मोकळा झाला होता. त्यापूर्वी ती काही आठवडे ब्रेस्लावला येऊन राहिली. आई चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर होती. रोज आईजवळ बसून एडिथ तिच्या जुन्या आठवणी विचारी व टिपून घेई. त्यांतूनच 'एका यहुदी घराण्याच्या जीवनातून' हे पुस्तक आकारास येऊ लागले. वर्तमानपत्रे, भित्तिपत्रके व भाषणे यांतून यहुदी माणसाचे जे विद्रूप चित्र रंगविले जात होते, तेवढेच पाहत जर्मनीतील तरुण पिढी वाढत होती. त्या पिढीला एक खरे यहुदी घर दाखवावे, हा तिचा हेतू होता. कोणताही वादविवाद तिने त्यात घातला नाही. आजोबा-आजी, काका-मामा, वखार, आजारपणे, लग्ने, भावंडांची भांडणे आणि सणाची ताटे, एवढेच तिने लिहिले. ज्यांना माणूस मानणे नाकारले जात होते त्यांचे माणूसपण तिने लिहून ठेवले.

१२ ऑक्टोबर १९३३ हा तिचा बेचाळिसावा वाढदिवस आणि घरातील शेवटचा दिवस. मंडपांच्या सणाचा तो समाप्तीचा दिवस होता. मायलेकी सभास्थानात गेल्या. येताना वृद्ध आईने पायीच घरी जाऊ या असे सुचविले, म्हणजे वाटेत तेवढेच बोलणे होईल. येशूविषयी आपल्याला वाईट बोलायचे नाही, तो फार चांगला माणूस असेलही. पण त्याने स्वतःला देव का केले, असा प्रश्न त्या माउलीने लेकीला केला. त्या रात्री पाहुणे निघून गेल्यावर आई हातांत तोंड झाकून रडू लागली. एडिथ तिच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि ते पांढरे मस्तक छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराबाहेर पडली. आईची व तिची पुन्हा भेट झाली नाही.

मठाच्या भिंतीआड

१४ ऑक्टोबर १९३३ रोजी एडिथने कलोन येथील कार्मेल मठात प्रवेश केला. पुढील वर्षी एप्रिलमध्ये तिला मठाची वस्त्रे मिळाली आणि तेरेझा बेनेडिक्टा ऑफ द क्रॉस, म्हणजे क्रुसाने आशीर्वादित तेरेझा, हे नाव लाभले. सिस्टर बेनेडिक्टा दर आठवड्याला आईला पत्र लिहीत. बरेच दिवस आईकडून उत्तर आले नाही. मग रोझाच्या पत्राखाली आईच्या हातची एखादी ओळ येऊ लागली. ती ओळ त्यांना मोठ्या सणासारखी वाटे.

१४ सप्टेंबर १९३६ रोजी, पवित्र क्रुसाच्या गौरवाच्या सणादिवशी, सिस्टर बेनेडिक्टा मठात आपल्या व्रतांचे नूतनीकरण करीत असताना ब्रेस्लावमध्ये ऑगुस्टाबाईंनी प्राण सोडला. मरणापूर्वी त्या कॅथोलिक झाल्या अशी अफवा कोणीतरी उठविली. ख्रिस्ती मंडळींना ती गोड वाटली असती. सिस्टर बेनेडिक्टांनी मात्र ती ठामपणे खोडून काढली. आपली आई शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या श्रद्धेशी एकनिष्ठ राहिली आणि तिने आयुष्यभर ज्या देवावर भरवसा ठेवला तो तिला कृपेने वागवील, असा त्यांचा विश्वास होता. आईच्या नावावर खोटे भूषण चढविणे त्यांना मान्य नव्हते. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी रोझाने कलोनमध्ये बाप्तिस्मा घेतला. आईचे मन दुखवू नये म्हणून तिने आपली इच्छा इतकी वर्षे दाबून ठेवली होती.

मठातही त्यांचे लेखन चालू होते. मर्यादित व अनंत अस्तित्वाविषयीचा त्यांचा थोर तत्त्वज्ञानग्रंथ १९३६ साली पूर्ण झाला, परंतु लेखिका यहुदी असल्यामुळे जर्मनीत तो छापता आला नाही. तो १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सभास्थाने पेटविण्यात आली. मठातील भगिनींवर आपल्यामुळे संकट येऊ नये म्हणून ३१ डिसेंबर १९३८ रोजी सिस्टर बेनेडिक्टा सीमा ओलांडून हॉलंडमधील एख्त येथील मठात गेल्या. घराण्याच्या आठवणींचे हस्तलिखित सोबत नेणे धोक्याचे होते. काही आठवड्यांनी एका तरुण मिशनरीने ते सीमेपार पोहोचविले. १९३९ साली रोझाही एख्तला आली व मठाच्या दारावरची सेवा पाहू लागली.

एस्तेर राणीची गोष्ट त्यांना या काळात वारंवार आठवे. राजापुढे आपल्या लोकांसाठी उभी राहावी म्हणूनच एस्तेर आपल्या लोकांतून वेगळी काढली गेली होती. आपण म्हणजे एक अगदी दुबळी व गरीब एस्तेर आहोत, असे त्यांना वाटे. ९ जून १९३९ रोजी लिहिलेल्या मृत्युपत्रात देव जे मरण देईल ते त्यांनी आगाऊ स्वीकारले. ख्रिस्तसभेसाठी, यहुदी लोकांसाठी, जर्मनीच्या सुटकेसाठी, जगाच्या शांतीसाठी, आणि आपले जिवंत व मृत आप्त यांच्यापैकी कोणीही हरवू नये यासाठी, असे ते समर्पण होते.

विखुरलेले घर

इकडे ब्रेस्लावचे घर रिकामे होत चालले होते. अर्नो सहकुटुंब अमेरिकेस गेला. एर्ना व तिचा पती हान्स बिबरस्टाइन हे दोघेही डॉक्टर. तेही मुलांसह अमेरिकेत पोहोचले. एल्झाच्या कुटुंबाला दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात आश्रय मिळाला. थोरला भाऊ पॉल, त्याची पत्नी ट्रूडे, बहीण फ्रीडा आणि अर्नोची मुलगी एव्हा यांना मात्र जर्मनी सोडता आली नाही. या सर्वांचा नाझींच्या छळात अंत झाला. पॉल, ट्रूडे व फ्रीडा थेरेसियनस्टाट येथील बंदिवासात मरण पावली. ज्या आईने कर्जात बुडालेल्या वखारीच्या बळावर सात मुले वाढविली, तिची चार मुले अशी नाहीशी झाली.

एख्तमध्येही सुरक्षितता फार काळ टिकली नाही. मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड व्यापले. स्वित्झर्लंडमधील ल पाकिये येथील कार्मेल मठाने सिस्टर बेनेडिक्टांना घेण्याची तयारी दाखविली. रोझाला सोडून जाण्यास त्या तयार नव्हत्या. तिच्यासाठीही सोय करण्यात आली, परंतु परवाने वेळेवर मिळाले नाहीत. १९४२ च्या उन्हाळ्यात मठाच्या वस्त्रावर पिवळी चांदणी लावून त्यांना अधिकाऱ्यांपुढे जावे लागत होते. त्याच दिवसांत त्या क्रुसाचे संत योहान यांच्यावरील ग्रंथ लिहीत होत्या. विषय होता क्रुसाचे शास्त्र.

२ ऑगस्ट १९४२

जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधून यहुद्यांची सामुदायिक हद्दपारी सुरू झाली. प्रॉटेस्टंट व कॅथोलिक मंडळ्यांनी एकत्र येऊन जर्मन प्रशासकाला तारेने निषेध कळविला. मंडळ्यांनी उघड बोलू नये, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या यहुद्यांना तूर्त हात लावला जाणार नाही, असे आमिष पुढे आले. काही मंडळ्यांनी तार वाचली, काहींनी नाही. उट्रेख्टचे आर्चबिशप योहानेस द योंग व त्यांचे सहकारी बिशप यांनी मौन पत्करले नाही. रविवार २६ जुलै रोजी देशातील कॅथोलिक चर्चमधून निषेधाचे पत्र वाचले गेले.

सूड आठवड्याच्या आत उगवला. रविवार २ ऑगस्ट रोजी कॅथोलिक झालेल्या यहुद्यांची धरपकड झाली. संध्याकाळी पाचच्या सुमारास सिस्टर बेनेडिक्टा मठाच्या प्रार्थनालयात असताना पोलीस आले. काही मिनिटांत निघावे लागले. रस्त्यावर शेजारीपाजारी जमले होते. रोझा गांगरून गेली होती. तेव्हा धाकट्या बहिणीने तिचा हात धरला व चल, आपण आपल्या लोकांसाठी जाऊ, अशा अर्थाचे काही म्हटल्याचे त्या शेजाऱ्यांपैकी एकीने पुढे सांगितले.

आमर्सफोर्टवरून त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत नेण्यात आले. तेथून सुटलेल्या साक्षीदारांनी एक चित्र सांगितले आहे. भीतीने वेड्यापिशा झालेल्या आया मुलांकडे पाहीनाशा झाल्या होत्या. ही धर्मभगिनी त्या मुलांना जवळ घेई, न्हाऊ घाली, त्यांचे केस विंचरी आणि त्यांच्या पोटात काही जाते की नाही हे पाही. ७ ऑगस्टला ९८७ माणसांना घेऊन गाडी निघाली. त्याच दिवशी ती स्पायरजवळच्या शिफरस्टाट स्थानकावर थोडा वेळ थांबली, तेव्हा आपण पूर्वेकडे निघालो आहोत असा निरोप त्यांनी ओळखीच्या लोकांसाठी दिला. त्यानंतर त्यांचा कोणताही शब्द जगाला मिळालेला नाही. ९ ऑगस्ट हा दोघी बहिणींचा मृत्युदिन मानला जातो.

स्मरण कोणाचे ?

युद्धाच्या धामधुमीत सिस्टर बेनेडिक्टांचे कागद उद्ध्वस्त मठात विखुरले होते. ते गोळा करून बेल्जियममधील लूव्हाँ येथे, हुसर्ल यांची हस्तलिखिते जेथे सुरक्षित ठेवली होती त्याच ठिकाणी, नेण्यात आले. घराण्याच्या आठवणींचे पुस्तक प्रथम १९६५ साली संक्षिप्त स्वरूपात व १९८५ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. ते अपुरेच आहे. लेखिकेच्या विद्यार्थिदशेच्या अखेरीशी ते थांबते. पण घरातील ज्या माणसांची कबर कोठेही नाही, त्यांचे हसणेबोलणे त्या पानांत शिल्लक आहे.

१ मे १९८७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कलोन येथे एडिथ स्टाइन यांना धन्य घोषित केले. ११ ऑक्टोबर १९९८ रोजी रोममध्ये त्यांना संतपद देण्यात आले व पुढील वर्षी त्या युरोपच्या सहआश्रयदात्या संत ठरल्या. या समारंभांच्या निमित्ताने स्टाइन घराण्यातील वाचलेल्यांपुढे एक दुखरा प्रश्न उभा राहिला. एर्नाची मुलगी सुझान बाट्सडॉर्फ हिने आपल्या एडिथ मावशीवर पुस्तक लिहून तो मांडला आहे. मावशी मारली गेली ती यहुदी म्हणून, लाखो इतर यहुद्यांप्रमाणेच. मग ख्रिस्ती लोक तिला हुतात्मा म्हणून आपल्यात नेतात, तेव्हा तिच्या यहुदी आप्तांचे मरण झाकले जात नाही काय ?

हा प्रश्न आपण ख्रिस्ती लोकांनी टाळू नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बिशपांच्या निषेधाचा सूड म्हणून ती अटक झाली, हे खरे; आणि यहुदी रक्त हाच तिचा गुन्हा मानला गेला, हेही खरे. स्वतः एडिथने या दोहोंची फारकत कधी केली नाही. हॉलंडमधील सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. युरोपभर ही संख्या साठ लाखांच्या आसपास जाते. ज्या देशांत हे घडले त्यांतील बहुसंख्य लोक बाप्तिस्मा घेतलेले होते. शतकानुशतके चर्चमधून यहुद्यांविषयी जे विखारी बोल ऐकविले गेले, त्यांनी नाझींच्या द्वेषाला जमीन तयार करून दिली, हे आता ख्रिस्तसभाही जाणते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर लादणे चूक असल्याचे जाहीर केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने जैतुनाच्या झाडाचा दाखला देऊन कलम केलेल्या फांदीने मुळापुढे तोरा मिरवू नये असे फार पूर्वीच बजावले होते. तो धडा शिकण्यास फार उशीर झाला.

आपल्या भूमीची गोष्ट, देवाच्या कृपेने, वेगळी आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक कित्येक शतके आपल्यामध्ये मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळीत राहिले. शेजाऱ्यांनी त्यांना प्रेमाने शनवार तेली म्हटले आणि त्यांच्यावर कधी हात उगारला नाही. हा वारसा मोलाचा आहे. तो राखायचा असेल, तर कोणत्याही समाजाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, जन्मावरून हीन लेखणारे बोलणे आपल्या घरांत, शाळांत व व्यासपीठांवर कानी पडताच एडिथप्रमाणे वेळेवर बोलले पाहिजे. तिने पत्र लिहिले ते १९३३ साली, संकटाच्या प्रारंभी. १९४२ साली बिशप धैर्याने बोलले, पण तोवर आगगाड्या सुटू लागल्या होत्या.

व्रोत्स्वाफमध्ये यहुदी दफनभूमीत सिगफ्रिड स्टाइन यांची कबर आहे; ऑगुस्टाबाईही त्याच शहराच्या मातीत विसावल्या आहेत. त्यांच्या घराची वास्तूही उभी असून आता ती एडिथच्या नावाने चालणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे ख्रिस्ती व यहुदी, पोलिश व जर्मन लोक एकत्र येतात. मुलांपैकी चौघांच्या वाट्याला मात्र तेवढी मातीही आली नाही.

संतपदाच्या समारंभात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले होते की, दरवर्षी या संताचा सण पाळताना यहुद्यांच्या त्या महासंहाराचेही स्मरण झाले पाहिजे. म्हणून येत्या ९ ऑगस्टला प्रार्थना करताना आपण संत एडिथबरोबर रोझाचे नाव घेऊ या, आणि जे ख्रिस्ती झाले नाहीत व ज्यांच्यासाठी कोणी वेदी उभारली नाही, त्या पॉल, ट्रूडे, फ्रीडा व एव्हा यांचीही नावे घेऊ या. आपल्या आप्तांपैकी कोणीही हरवू नये, हीच त्या यहुदी घराण्याच्या लेकीची देवाजवळ शेवटची मागणी होती.